फायलींचा गाऊन

३ मार्च
दिग्दर्शकांनी बोलावलं. दोनशे वर्षांपूर्वीचा ऑपेरा, पण आजच्या काळात. राणी आता कंपनीची मालकीण, राजवाड्याचं ऑफिस. वेशभूषा माझी. साधे सूट हवेत म्हणाले. ऐकून घेतलं. साधे सूट शिवायला मी कशाला हवा?

५ मार्च, सकाळी ७
सुचलं! राणीचा गाऊन प्लास्टिकच्या फायलींचा. दोनशे दहा फायली. सत्ता म्हणजे शेवटी कागदच! ताईला स्केच दाखवलं. सख्खी बहीण असून, थिएटरचं शिवणखातं सांभाळत असून, तिने विचारावं काय? तर बाई बसणार कशी! म्हटलं, राणी बसत नाही. दुसऱ्या अंकात ती वीस मिनिटं खुर्चीवर आहे म्हणे. बघू.

११ मार्च
मशीनच्या नऊ सुया तुटल्या. ताई दिवसभर बोलली नाही. कामात रंगली असावी.

१८ मार्च
पहिली फिटिंग. गायिकेने श्वास घेतला आणि छातीवरच्या तेवीस फायली उघडल्या. जरा कमी श्वास घ्या, असं सुचवलं. बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. भारावल्या बहुधा.

२४ मार्च
तालीम. कंडक्टर वाद्यवृंदाचा, पण खेकसतो बसमधल्यासारखा. व्हायोलिन ऐकू येत नाहीत, स्टेजवर वेफर्स कोण खातंय, असं सर्वांदेखत विचारलं. एकही फाईल काढणार नाही. त्रिवार नाही.

२४ मार्च, संध्याकाळी
चाळीस काढल्या. ही माघार नव्हे. एडिटिंग.

२ एप्रिल
पहिला प्रयोग. दुसऱ्या अंकात राणी बसली. पाठीमागची शिवण टरकन गेली, फायली घसरत खाली वादकांत. एक बासरीवाल्याच्या डोक्यात. प्रेक्षक खो खो हसले. पडदा पाडावा लागला.
विंगेत बाई रडत होत्या. बाहेर जाणार नाही म्हणाल्या. ताईने अंगातला राखाडी स्वेटर काढून त्यांना घातला, बाह्या दुमडून दिल्या, डोळे पुसले. हा कलेचा खून आहे, असं मी ठणकावलं. ताई म्हणाली, बाजूला हो रे, त्यांना जाऊ दे.
बाई गेल्या. तशाच उभ्या राहून गायल्या. अख्खं थिएटर गप्प. मीही पाच मिनिटं गप्प होतो. ताईच्या मते हा विक्रम.

४ एप्रिल
पेपरात परीक्षण! ‘कोपरावर झिजलेल्या त्या एका स्वेटरने सगळं गमावलेली बाई उभी केली.’ खाली वेशभूषाकार म्हणून माझं नाव. छापलंय ते छापलंय. ताईला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, छान, आता तो स्वेटर परत मागून आण, थिएटरच्या एसीत थंडी वाजतेय.

९ एप्रिल
पुढच्या ऑपेराची वेशभूषा दिग्दर्शकांनी ताईला दिली. तिने अट घातली म्हणे, भावालाही घ्या. मला कुणाची दया नको! साफ नकार दिला. तिने शांतपणे विचारलं, इस्त्री तरी नीट येते ना?
म्हटलं, येते.
उद्या नऊला बोलावलंय.