बिनबोलावता सासुरवाडीला

मखमलाबाद,
२९ एप्रिल २००६

श्रीयुत सावळीराम मेहुणे, सायखेडा, यांस नमस्कार.

वाइनच्या कारखान्यात आपल्या भगिनीने प्याला ओठांस लावला, म्हणून यंदा तिला आखाजीस, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी नेणार नाही, हा आपला निरोप मिळाला. गोष्ट खरी आहे. गंगापूर धरणापासून इगतपुरीपर्यंत आम्ही उभयता मोटारीने रमतगमत फिरलो. प्रत्येक जलाशयाशी थांबून तिने पाय भिजवले. कारखान्यात म्हणाली, "अहो, जन्मभर द्राक्षं तोडली, चव नको का कळायला?" घोट घेतला आणि हसली, "तुमच्यापेक्षा कमी आंबट आहे!" चारचौघांत मीही हसलो. अशी निर्भय सहचारिणी लाभली, याचा मला अभिमान आहे.

हे पत्र टपालात टाकणार नाही, आपल्या हाती देईन. बोलावल्याविना सासुरवाडीची पायरी मी आजवर चढलो नाही. उद्या आखाजीला तिच्यासोबत चढेन.

आपला,
निवृत्ती गणपत