कुंकवाखालचा नंबर

९ जाने., शुक्र.
वाण्याकडून रिकामे खोके आणले. एकतीसला चाळ सोडायची, मग नवीन बिल्डिंग उभी राहीपर्यंत ट्रान्झिटची खोली. काय न्यायचं, काय टाकायचं यावरून सकाळपासून कटकट. शेवटी गाडी आईंच्या मशीनवर आली. सासूबाईंची शिलाई मशीन, खिडकीखाली, वर फुलाफुलांचं प्लास्टिक. कित्येक वर्षांत चाक हललेलं नाही.
दिलीप म्हणतो, "चालली तर नेऊ. नाही तर लोअर परळचा एक कॅफेवाला स्टँड घेतोय, टेबल करायला. पंचवीसला, रविवारी येतो म्हणालाय."
नवरा बोलून मोकळा! आई गॅलरीत बसल्या होत्या. ऐकलं असणार. 
मला का एवढं लागलं, कळत नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून "हात लावू नको गो मशनीक" एवढंच ऐकलंय. मशीन चालू होती तेव्हा माझ्या ब्लाउजची बाही उसवली तरी शिवायच्या आईच. आता माझं ऑफिस बंद, हात नुसते शिवशिवतात, शिकीन म्हटलं तर हिचं टेबल होणार. जळ्ळं मेलं ते कॅफे.

१० जाने., शनि.
प्लास्टिक काढलं. आई बघत होत्या, ओरडल्या नाहीत. बरं नाही की काय, अशी शंका आली.
सोनेरी अक्षरं पार उडालेली. वेलबुट्टीचं एक शेपूट तेवढं उरलंय. कुठली कंपनी हो आई? "विलायती." अहो पण कुठली? "विलायती म्हणजे विलायती!" संपलं.
चाक दोन्ही हातांनी फिरवलं. ढिम्म. मनगट दुखतंय.

१२ जाने., सोम.
ठाकूरद्वारला पेडणेकरांकडे. मशीन रिपेअरवाले, कपाळाला कायमची आठी. मोबाइलवरचे फोटो बघितले, खालची सरकती पट्टी उघडून काढलेल्या फोटोवर थांबले. "ही गोल बॉबिनची नाही. लांब शटल आहे, होडीसारखं. जुनी आहे बरीच." सासूबाई म्हणतात विलायती, पण कोणाची? "अशा दोन-तीन कंपन्यांनी काढल्या. दिसायला सारख्या, सुई वेगळी. नंबर आणा, खांबाच्या पायाशी ठोकलेला असतो. आणि आधी मोकळी करा. तेल कुठलं घालता?" मला काय माहीत, मला कोणी हात लावू दिलाय? "मग घरी विचारा." तुसडा माणूस.

घरी येऊन बघते तर नंबर कुठला, कुंकवाचा हा थर! दर दसऱ्याला आई हळदकुंकू लावतात, त्यावर पुढच्या दसऱ्याचं. नखाने खरवडणार तोच मागून, "पुसू नको!" सासरे गेल्यापासून आईंचा एवढा आवाज ऐकला नव्हता.
म्हटलं, नुसता नंबर बघते, लगेच परत लावू. तर म्हणाल्या, "माजां पुसलां तां पुरे झालां. तिचां नाय पुसूचां."
नख मागे घेतलं. 

१४ जाने., बुध. संक्रांत
आज म्हणे गोड बोलायचं. सकाळीच दिलीपशी कडाक्याचं वाजलं. "अगं, लोखंड आहे ते!" असेल. तुझ्या आईला विचार.

केसांना लावायला खोबरेल घेतलं तर बाटलीत गोठलेलं. उन्हात ठेवली, तासाभरात पातळ. बाटली हातात घेऊन उभीच राहिले. काल भर दुपारी चाक सुतभर हललं होतं, आज सकाळी पुन्हा दगड.
आई, मशीनमध्ये तेल कुठलं घालता?
"गावचां. घाण्यावरचां. बाजारचां कित्याक?" वर अभिमान!
दर दसऱ्याला पूजेआधी प्रत्येक भोकात गावचं खोबरेल. जाम व्हायला लागली तेव्हा तर जास्तच घातलं म्हणे, सुटेल म्हणून. साचून साचून आत डिंक झालाय. हसू की रडू. आईंना काही सांगितलं नाही. त्या मायेनेच घालत होत्या.

१६ जाने., शुक्र.
रॉकेल आता मिळतं कुठे. रंगवाल्याकडून टर्पेंटाइन आणलं. आधी हेअर ड्रायर धरून एकेक भोक तापवलं, तपकिरी चिकटा ओघळायला लागला. घरभर खवट खोबऱ्याचा वास. शेजारची सुषमा डोकावून गेली, काय तळतेस गं?
मग टर्पेंटाइन, मग पुन्हा ड्रायर. चाक अर्धं फिरलं. अडकलं. मागे, पुढे. माझा धीर सुटत होता, शिव्या तोंडापर्यंत आल्या होत्या. आई स्टूल ओढून शेजारी बसल्या. "उजव्या अंगाक तापव." तापवलं. पूर्ण फेरा! मी ओरडलेच. आईंनी चाकावर हात ठेवला तो बराच वेळ काढलाच नाही.
दिलीपला फोन केला. "बरं," म्हणाला. नुसतं बरं!

१८ जाने., रवि.
दम धरवेना. दादरहून नेहमीची सुई आणली, पेडणेकरांनी बजावलं असूनही. पहिल्याच टाक्याला खट्, तुकडे. फोन केला तर, "अंदाजाने सुया लावू नका हो, शटलचं टोक जाईल. नंबर!"
दिलीप हळूच म्हणाला, "आई दुपारी पडते तेव्हा पुसून टाक. कळणारही नाही तिला."
दुपारी ओलं फडकं घेऊन मशीनपाशी उभी होते. आई भिंतीकडे तोंड करून झोपलेल्या. फडकं पिळून दोरीवर टाकलं. नाही जमत.

२१ जाने., बुध.
माझं हळदीकुंकू. या चाळीतलं शेवटचं, म्हणून सगळा मजला आला. वाण म्हणून गाळण्या दिल्या, हसल्या बायका. पहिली बाई दारात दिसली तशा आई उठल्या, आत मशीनपाशी जाऊन पाठ करून बसल्या. सासरे गेल्यापासून दर वर्षी हेच. कोणी सांगत नाही, त्या आपणहून जातात.
करंडा माझ्या हातात होता. चार पावलं जायचं होतं. सुषमा काय म्हणेल, आईच काय म्हणतील, या विचारात बायका निघून गेल्या. उरलेला तिळगूळ आईंना दिला, त्यांनी खाल्ला. स्वतःचा असा राग आलाय की भांडी आपटत घासली.

२४ जाने., शनि.
सगळं खोक्यात गेलं. मशीन उरली. दिलीप आता म्हणतो, "शिवली तर नेऊ." अरे, 'चालली तर' म्हणाला होतास! "एकच ते." एकच कसं?  आईंनी भात तसाच ठेवला.

२५ जाने., रवि.
चहा झाल्यावर आईंनी हाक मारली. "वाटयेत पानी आण. आणि जुना फडका." मशीनसमोर बसलेल्या. मी आणून दिलं.
"मी पुसतंय. दुसऱ्या कोणी नाय."
बोट भिजवून चोळत होत्या. थर सुटता सुटेना. फडकं लालभडक, वाटीतलं पाणी लाल. मी मध्ये हात घातला नाही. खाली एक अक्षर निघालं, मग आकडे. आईंनी त्यावरून बोट फिरवलं आणि तोंडावर आलेली बट त्याच हाताने मागे सारली. कपाळावर आडवी लाल रेघ. सांगणार होते. नाही सांगितलं.

नंबर पाठवला. पेडणेकरांचा लगेच फोन, "जर्मन आहे हो! सासूबाई खरं सांगत होत्या." सुई? "जुन्या डब्यात बघतो. मिळेलच असं नाही."

तेवढ्यात कॅफेवाला. तरुण पोरगा, हातात टेप. आई स्टुलावरून हलल्या नाहीत. पाय पायडलवर ठेवले आणि मशीन सुरू केली. सुई नाही, दोरा नाही, पण चाक एका लयीत गरगर.
"आजी, चालू आहे ही?"
"दिसत नाय? डोळे खंय तुजे?"
त्याने दिलीपकडे बघितलं, दिलीपने माझ्याकडे, मी छताकडे. आई थांबेपर्यंत त्याला माप घेता येईना, आणि आई थांबेनात. शेवटी म्हणाला, शनिवारी तुमचा टेम्पो निघायच्या आधी कळवा. दिलीप त्याला जिन्यापर्यंत सोडायला गेला. परत आला, आईंच्या कपाळाकडे बघितलं आणि पेपर उघडून बसला.

आईंनी मला बोलावलं. "बस हयसर. पाय ठेव. टाच आधी." पहिल्यांदा. चाक माझ्याकडून उलटंच फिरलं. "गाढव," म्हणाल्या. मला रडायला आलं, तशीच पाय मारत राहिले.

संध्याकाळ. पेडणेकरांचा फोन नाही. आई आरशासमोर बसून वेणी घालून आल्या. कपाळावरचं लाल तसंच आहे.