दुकानभर तुमचा आवाज

झाशी,
१४ नोव्हेंबर २०१९

प्रिय प्रेमलावहिनी,

खाली वाकून नमस्कार. घरी सगळं ठीक आहे. गारठा पडू लागला. बरुआसागरचं आलं बाजारात आलंय; इंदू तुमच्या पद्धतीनं आलेपाक करते, पण साखर हात राखून घालते. बँकेत मला चौकशीच्या फोनवर बसवलंय. दिवसभर बोलून घसा बसतो. असो.

मोठी बातमी म्हणजे जुना लॅपटॉप थकला. माझी नजर गेल्यावर दादानं घेऊन दिलेला तो. इंदूनं नवा आणला आणि पेन ड्राइव्हनं फाइली हलवायला बसली. निम्म्यावर जुना बंद पडला तो पुन्हा उठेचना. बँकेच्या परीक्षेसाठी तुम्ही वाचून रेकॉर्ड केलेली सगळी पुस्तकं त्यात होती, दुसरीकडे कुठेच नव्हती.

इलाइट चौराह्यावरच्या एका दुकानात गेलो. दुकानदार भैयानं हार्ड डिस्क काढून केबलनं नव्या लॅपटॉपला जोडली. मग म्हणाला, "सब आ गया, भाईसाहब. एक चलाकर सुन लीजिए."

आणि वहिनी, दुकानभर तुम्ही!

"मुद्रास्फीति का अर्थ है..." चलनवाढीचा तो धडा, मागे कुकरची शिट्टी, आणि लगेच तुमचं मराठी: "भावजी, जांभया देऊ नका. माझ्या अंगाची हळद उतरली नाही अजून, मला काय हौस आहे मुद्रास्फीतीची?"

दुकानदार हसायला लागला. "ये मैडम कौन से कॉलेज में पढ़ाती हैं?"

"मेरी जेठानी हैं," इंदूनं माझ्या खांद्यावर हात ठेवून आपल्या जावेची ओळख करून दिली. "इन्हीं को पढ़ाती थीं."

मी काठी चाचपत बाहेर आलो आणि टेम्पोंच्या त्या गोंगाटात ढसाढसा रडलो.

वहिनी, ऑपरेशनमध्ये तुमचा आवाज गेला, त्यानंतर मी भोपाळला आलो तेव्हा तुमच्याजवळ फार बसलो नाही. तुम्ही पाटीवर लिहायचात, सगळे वाचून हसायचे, आणि मला पाटी दिसत नव्हती. दादा वाचून सांगायचा, पण मग ते दादाचं बोलणं व्हायचं. तुम्ही टाइप केलंत तर लॅपटॉप मला वाचून दाखवेल, हे ठाऊक होतं. पण तुमचे शब्द त्या यंत्राच्या आवाजात ऐकायचा धीर होईना. दुकानाबाहेर उभा असताना वाटलं, आवाज कोणाचा का असेना, मला रागावणारं माणूस तर आहे.

आज नोकरी आहे, घर आहे, इंदू आहे. सगळं तुमच्या त्या वाचनावर उभं आहे. हे तुमच्यासमोर कधी बोललो नाही.

दादा म्हणतो, ती रेकॉर्डिंगं वहिनीला पाठवू नकोस, तिला त्रास होईल. मला तुम्हालाच विचारायचंय. पाठवू?

लिहा. मी ऐकतो.

तुमच्या आवाजावर शिकलेला,
विद्याधर

*

भोपाळ,
१७ नोव्हेंबर

प्रिय भावजी,

तुम्हा दोघांना आशीर्वाद. पाठवा, सगळी पाठवा. तुमच्या दादांना मी पाटीवर लिहून दाखवलं: घसा माझा गेलाय, कान शाबूत आहेत.

मला वाटलं होतं, तुम्ही माझ्यावर रुसलात. तुम्ही इथे होतात तेव्हा तुमच्यासाठी एक वाक्य पाटीवर लिहिलं होतं. दुसऱ्या कोणाला वाचून दाखवा म्हणायचा संकोच वाटला, म्हणून पुसून टाकलं. ते आता लिहिते. माझं बी.ए. लग्नामुळे अर्धवट राहिलं. नव्या घरात कोणाशी बोलावं कळत नव्हतं. रोज दुपारी कोणीतरी पुस्तक घेऊन माझी वाट पाहतंय, एवढ्यानं मला ते घर माझं वाटलं. परीक्षा तुमची होती, भावजी, पण त्या दुपारी माझ्याही होत्या.

आता रोज लिहीन. तुमच्या यंत्राला सांगून ठेवा, ही बाई भरभर बोलते आणि मध्येच रागावते.

अजून खूप बोलायचं बाकी असलेली,
तुमची वहिनी,
प्रेमला