स्वयंपाकघरातला नळ आणि रविवारचा ट्रक

मंगळवार पेठ, कोल्हापूर
सोमवार, ता. ९ फेब्रुवारी १९७६

तीर्थस्वरूप दादांच्या पायांशी विजयमालेचा नमस्कार आणि घरातल्या सगळ्यांना जय जिनेंद्र.

मी इकडे सुखरूप आहे. तुमच्या गुडघ्याला उतार पडला असेल, राजमती वहिनींचा खोकला थांबला असेल, आणि ऊस एकदाचा कारखान्याला गेला असेल असं धरून चालते. तुमचं पत्र गेल्या सोमवारी पोचलं. येत्या रविवारी तुम्ही ट्रक घेऊन येणार, माझं सामान भरणार, या घराला भाडेकरू ठेवणार, आणि मी यापुढं हातकणंगल्याला तुमच्या माडीवरच्या खोलीत राहून शाळेला रेल्वेनं ये-जा करायची, हे सगळं दोनदा वाचलं. बाईमाणसाला एकटीनं घर सांभाळणं जमत नाही, एक नळ गळला तरी चार जणांच्या विनवण्या कराव्या लागतात, असं तुम्ही लिहिलंय. दादा, इतकी उदाहरणं असताना तुम्हाला नळच कसा सुचला कोण जाणे, पण तुमचं पत्र मी वाचत होते तेव्हा स्वयंपाकघरातला नळ खरोखरच गळत होता. म्हणून जरा सविस्तर लिहिते. (गुडघा दुखत असेल तर पाय लांब करून वाचा.)

हे गेल्याला आता वर्ष होत आलं. ते असताना घरातली किरकोळ दुरुस्ती मला कधी दिसलीच नाही. सकाळी नळ गळताना बघून मी शाळेत जायची, संध्याकाळी येऊन बघावं तर नळ गप्प. "कुणी केलं?" म्हणून विचारलं की हे नुसते मिशीत हसायचे आणि माळ्यावरच्या लाकडी पेटीकडं बघायचे. ती हत्यारांची पेटी मी वर्षभरात उघडली नव्हती. त्यांच्यासारखं आपल्याला काय जमणार, असं वाटायचं. म्हणून प्लंबर बाळासोला निरोप दिला. तो 'उद्या येतो' म्हणाला. असे आठ उद्या झाले. नळाखालच्या बादलीत टप टप चाललेलं, आणि तुमचं पत्र वाचल्यावर मला आपलं वाटलं, दादाच हातकणंगल्याहून बोलताहेत.

मंगळवारी सकाळी मी पेटी खाली काढली. आत पाना, पक्कड, दोन स्क्रू ड्रायव्हर, सगळं दुकानातल्या तेलकट कागदात जसंच्या तसं. हे वस्तू किती जपायचे, या विचारानं डोळे भरून आले. पदर खोचला, पाना लावला आणि नळाचं डोकं फिरवलं. ते सहज निघालं. (इथं मला आपला अभिमान वाटला. तो फार वेळ टिकला नाही.) पेठेत सकाळचं पाणी जोरात आलेलं, आणि ते सगळं माझ्या तोंडावर, तिथून तुळईवर आणि तुळईवरून चुलीवरच्या दुधात. मी नळावर तळहात दाबून धरला, तर पाणी बोटांमधून चारी दिशांना. माझं ओरडणं ऐकून शेजारच्या शालूबाई बादली घेऊन धावल्या. त्यांनी आधी मला नीट न्याहाळलं, मग म्हणाल्या, "बाई, पानी गेल्यावर नळ खोलायचा असतोय."

रस्त्याच्या कडेच्या फरशीखाली पाणी बंद करायचा कॉक आहे, हे या घरात पंधरा वर्षं राहून मला ठाऊक नव्हतं. शालूबाईंना ठाऊक होतं. त्यांनी फरशी उचलली, पक्कडीनं कॉक फिरवला, आणि पाणी थांबलं. फक्त तो कॉक आमच्या तिन्ही घरांचा मिळून एकच आहे. तिसऱ्या घरात कृष्णात पैलवान राहतो. तो तालमीतून येऊन अंगाला साबण लावून बसलेला. पाच मिनिटांनी तो तसाच, लंगोटावर, डोळे मिटून भिंत चाचपत आमच्या दारात आला आणि अगदी नम्रपणे त्यानं पाणी कुठं गेलं म्हणून चौकशी केली. शालूबाईंनी आपल्या घागरीतलं पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं.

माणूस मोठ्या मनाचा. डोळे उघडल्यावर रागावला नाही, उलट "द्या हिकडं, आवळून देतो" म्हणाला. नळातली पाणी अडवणारी चकती, म्हणजे ते जुनं झिजलेलं वायसर, मी उलटं करून बसवलं होतं (नवं आणायचा आळस), त्यावर त्यानं नळ आवळला. थेंब बंद झाला. पण त्याच्या ताकदीनं बंद केलेला नळ पेठेत दुसऱ्या कुणालाच उघडता येईना. मंगळवार-बुधवार दोन दिवस मला भाताला पाणी हवं झालं की मी दारात उभी राहून पैलवानाला हाक मारायची. बुधवारी संध्याकाळी वायसर मधोमध चिरलं आणि थेंबाची धार झाली.

गुरुवारी शाळेतून येताना पार्श्वनाथच्या नळसामानाच्या दुकानात गेले. त्यानं नमुना मागितला. नमुना घरी. परत आले, रस्त्यावरचा कॉक बंद केला (आधी दोन्ही शेजाऱ्यांना विचारून), मोरीच्या भोकात चिंधी कोंबली, म्हणजे एखादा बारीक भाग वाहून जायला नको, आणि वायसर काढून परत दुकानात. पार्श्वनाथनं चामड्याचं काढलं. स्वयंपाकघरातल्या नळाला चामडं नको म्हटल्यावर त्यानं निमूट रबराचं दिलं आणि सांगितलं की हातानं बसेल तेवढं बसवायचं, मग पान्यानं अगदी थोडं, जोर करायचा नाही. तसंच केलं. कॉक हळूहळू सोडला आणि नळाखाली स्टीलची वाटी ठेवून समोर पाटावर बसले. तासभर बसले, दादा. वाटी कोरडी. आमटी करायची होती तीही विसरले.

शनिवारी बाळासो उगवला. नळ उघडून बघितला, बंद करून बघितला, खाली बोट धरून बघितलं. मग विचारलं, "कुनी केलं ह्ये?" मी मिशी नसताना जेवढं हसता येईल तेवढं हसले. ह्यांना तो मास्तर म्हणायचा. म्हणाला, "मास्तरांचं बरं हुतं. बाई शाळंत गेल्या की ये, आन् बाई यायच्या आत जा, म्हनायचे. पंधरा वरसं मीच करतोय की ह्यो नळ."

मला क्षणभर काही कळेना. मग तो तेलकट कागद डोळ्यांपुढं आला आणि मी हसायला लागले. हे गेल्यापासून इतकी हसले नव्हते. बाळासो घाबरला आणि शालूबाईंना बोलावून घेऊन आला. मी वर्षभर ज्यांच्या हाताला घाबरून पेटी उघडत नव्हते, त्या हातांनी पान्याचा कागदसुद्धा सोडला नव्हता. रडू आलंच थोडं, पण ते हसता हसता.

त्याच भरात मी माळ्यावरचं काळं पडलेलं बटणही खोलायला निघाले होते. बाळासोनं हात धरला. विजेचं काम परवान्याच्या वायरमनचं, असं तो म्हणाला आणि मला पटलं. रविवारी वायरमन आला, मेन स्विच बंद करून त्यानं बटण बदललं, आणि मी लांब उभी राहून नुसतं बघितलं. कुठल्या कामाला हात घालायचा नाही हेही आता मला कळतं, एवढं ध्यानात घ्या.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो ट्रकपुरता थोडा आवरावा.

आपली धाकटी बहीण,
विजयमाला

ता. क. वरची चार पानं लिहिण्याचं कारण एवढंच की ट्रकवाल्याला नको म्हणून पत्र मिळताच कळवा. भाडेकरूलाही. तुम्ही मात्र रविवारी जरूर या, दोन दिवस राहा. मी हे घर सोडत नाही.

ता. क. आणखी एक. तुमच्या न्हाणीघराच्या दाराची कडी दोन वर्षांपूर्वी 'मी बघतो' म्हणून तुम्ही काढून ठेवलीत आणि दार अजून सुतळीनं बांधतात, असं कळलं. वहिनींना पंधरा दिवस माझ्याकडं पाठवा. मी बोलावलेलं नाही. नळ बसल्याचं मी त्यांना गुरुवारीच कळवलं होतं, त्यावर 'मलाही शिकवा' असं त्यांचंच कार्ड आज दुपारी आलं, आणि त्यावर कडीच्या मापाचा दोरा डिंकानं चिकटवलेला आहे.