रजियाबीला न दिलेल्या पुड्यांबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
मोर्णातीर धर्मादाय रुग्णालय, अकोला

विषय : पत्नीच्या केसपेपरवरील 'औषधाने बरी' हा शेरा रद्द करून देवमन यांचा डोळा आजच तपासण्याबाबत.
संदर्भ : चेहऱ्याच्या नसेचा अभ्यास, रुग्ण क्र. ११

महोदय,

मी नबी, राहणार बाळापूर, चांदी गाळण्याचे काम करतो. ऑगस्टमध्ये माझी पत्नी रजियाबी हिच्या कानापुढे पत्रा लागून चेहऱ्याची नस दुखावली. ओठ वाकडा झाला, उजवा डोळा मिटेना. आपल्याकडील डॉ. ललिता मॅडम यांनी, शरीरात नायट्रिक ऑक्साइड वाढले तर नस लवकर भरून येते का हे पाहायचे आहे, असे सांगून चाळीस पुड्या दिल्या. त्या दिवशी वॉर्डात फवारणीचे औषध प्यालेले चार शेतकरी आले होते, म्हणून मॅडम उभ्याउभ्याच बोलल्या. आम्हाला काही विचारता आले नाही.

नायट्रिक हा शब्द मी वीस वर्षांपासून ओळखतो. त्या तेजाबात, म्हणजे ॲसिडात, चांदी विरघळते, तांबूस धूर निघतो. त्या धुराने माझ्या वडिलांची छाती गेली. गरिबाच्या तोंडावर प्रयोग चालला आहे, असा मला संशय आला. मी एकही पुडी तिला दिली नाही. तशाच कागदात पिठीसाखर बांधून देत गेलो.

सातव्या आठवड्यात तिचा डोळा मिटू लागला. मॅडमनी फोटो काढले, "बघा, पुड्यांचा गुण," म्हणाल्या. मी गप्प राहिलो. ही माझी चूक.

नोव्हेंबरात तिवशाचे देवमन यांच्या गालावर मळणीयंत्राचा पट्टा बसला. त्यांचाही डोळा मिटेना, म्हणून पापणीला टाका घालून तो झाकायचा होता. "रजियाबी पुड्यांनी बरी झाली, तुम्हीही व्हाल," असे सांगून मॅडमनी टाका पुढे ढकलला. आता त्यांचा डोळा लाल आहे व धुरकट दिसते. हे त्यांनीच मला येथील बाकावर सांगितले.

घरी मी सर्व कबूल केले. रजियाबी म्हणाली, "मले साखर चारली ते राहू द्या. त्या भाऊचा डोळा गेला तर काय सांगसान?"

सोमवारी अभ्यासाचे सहायक सूर्यभान यांना भेटलो. ते म्हणाले, "काका, निकालांचा तक्ता वर गेला. आता खोडता येत नाही. घरी जा." हा तक्ता रोग्यासाठी आहे की आणखी कोणासाठी, असा मला संशय आहे. तोंडी सांगितलेले उद्या कोणी ऐकलेच नव्हते असे होईल, म्हणून लेखी देत आहे.

मॅडमचे औषध खोटे आहे, असे माझे म्हणणे नाही. तेजाब वेगळे आणि शरीरातला नायट्रिक ऑक्साइड वायू वेगळा, हे आमच्या गावच्या शिक्षिका माया मॅडमनी समजावले, अर्धे पटले. पण पुड्यांनी गुण येतो की नाही, हे रजियाबीवरून ठरवू नये. शिक्षा मला करावी.

देवमन बाहेर ओला रुमाल डोळ्यावर धरून बसले आहेत. त्यांना पुढची तारीख देऊ नये.

आपला नम्र, चूक कबूल असलेला,
नबी
१२ डिसेंबर २००७

ता.क. : मी आवक खिडकीच्या रांगेत असताना ललिता मॅडमनी हा अर्ज हातातून घेऊन वाचला. देवमन यांना दंडाला धरून आत नेले. तरीही अर्ज मागे घेत नाही.