पैलवानाचा खुराक

२ नोव्हेंबर, सकाळ
मांजरीनं बाकीची पिल्लं पलीकडच्या गोठ्यात नेली. हे एक आमच्या घरामागच्या परड्यात टाकून गेली. चालताना झिंगल्यासारखं झोकांड्या खातं. ताटलीत तोंड घालायला गेलं की मान थरथरते आणि नाकच आधी बुडतं. अनुजा म्हणाली, अहो, डॉक्टरला दाखवूया की. मी बायकोला म्हणालो, बाई असून तुला एवढं कळू नये? पोरगं अशक्त आहे. खुराक लागतो. नाव ठेवलं पैलवान. दिवाळीपर्यंत पळवतो.

३ नोव्हेंबर
बावड्याहून पहाटे गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर गेलो. म्हशीचं दूध, समोर धार काढून, फेसासकट. अख्ख्या कोल्हापूरची तब्येत ह्याच्यावर उभी आहे. पैलवानानं चाटून संपवलं. थोडं माझ्या शर्टावर. प्रोग्रेस उत्तम.

५ नोव्हेंबर
तालमीतली लाल माती पिशवीभर आणली. वस्तादांना सांगितलं, कुंडीला पाहिजे. तिळाच्या तेलानं मालिश केलं, मातीत सोडला. चार पाय चार दिशांना. लहानपणी मीही तालमीत जायचो, त्यामुळे ह्यातलं कळतं. पहिल्याच थंडीत सोडली, तो भाग वेगळा.

६ नोव्हेंबर, संध्याकाळ
जुलाब. अनुजा म्हणाली, दूध बंद करा, न्हायतर मरंल की ते. मी समजावलं, अंगातली घाण निघतेय, खुराक लागू पडल्याची खूण. सुधारणेला घरातूनच विरोध असतो.

८ नोव्हेंबर
बॅलन्सची प्रॅक्टिस. परड्याच्या कठड्यावर ठेवला. पडायची भीती असली की पाय आपोआप सरळ पडतात. उतरला. म्हणजे पडला. हनुवटी फुटली. रक्त थोडंच, ओरडला मात्र फार. मला जेवण गेलं नाही. पित्त असावं.

९ नोव्हेंबर, दुपार
सकाळी हात लावला तर अंग गार. डोळे अर्धे मिटलेले. घाबरलो. अनुजानं त्याला पदरात गुंडाळलं आणि रिक्षा थांबवली. मीही वेळेत चपला घातल्या.

डॉक्टरीणबाईंनी सलाईन दिलं. म्हणाल्या, मांजर गाभण असताना तिला काहीतरी आजार झाला असणार. पिल्लाच्या लहान मेंदूची वाढ नीट झाली नाही. तोल तिथूनच सांभाळला जातो. हे जन्माचंच आहे, बरं होणार नाही, बळावणारही नाही. त्याला दुखत नाही. सपाट जागा द्या, उथळ ताटली द्या, उंचावर ठेवू नका, आणखी बरीच वर्षं जगेल. मग विचारलं, पण हा म्हशीचं दूध पाजायचा सल्ला कुणाचा? जुलाबानंच गेलं असतं ते. मी म्हणालो, शेजाऱ्यांचा.

१३ नोव्हेंबर
पैलवान वाचला. डॉक्टरांनी दिलेलं मऊ खाणं खातो. अनुजानं फरशीवर जुनी सतरंजी अंथरलीय. मी लाल माती कुंडीत टाकली. आता नवी पद्धत, फक्त माया. आजपासून मीच भरवणार.

१४ नोव्हेंबर, संध्याकाळ
ताटली घेऊन बसलो. प्रेमानं हाक मारली, ये पैलवान. तो उठला. पडला, पुन्हा उठला, कलंडला, पुन्हा उठला. एवढ्या नेटानं चाललेलं त्याला कधी बघितलं नव्हतं. पलंगाखाली शिरेपर्यंत थांबला नाही.

अनुजानं माझ्या हातातली ताटली घेतली. म्हणाली, तुम्ही जरा भाईर बसा, म्हणजे जेवंल त्यो.

बाहेर बसलोय.