बाहेरच्या खोलीतला पडदा

प्रिय बाळ्या,

चाळिशी उलटली तरी मी तुला बाळ्याच म्हणणार, तेव्हा नाक मुरडू नकोस. आणि कागदावरचं पत्र आलं म्हणून घाबरूही नकोस. दर रविवारी आपण व्हिडिओ कॉलवर बोलतोच, पण तेव्हा तुझे बाबा मला चिकटून बसलेले असतात आणि मला जरा त्यांच्या माघारी बोलायचं आहे. आत्ता ते माझी औषधं आणायला गेले आहेत. दुकानात गप्पा मारायला त्यांना कुणी ना कुणी सापडतंच, म्हणून थोडा वेळ हाताशी आहे.

आधी गाऱ्हाणं. तुझ्या बाबांना अजून लॅपटॉप टीव्हीला जोडता येत नाही. मी शिकवून शिकवून दमले. लॅपटॉप उघडायचा, कोपऱ्यातल्या त्या चौकोनावर क्लिक करायचं, तू टीव्हीला 'बाहेरची खोली' असं नाव देऊन ठेवलं आहेस ते दिसेपर्यंत थांबायचं आणि त्यावर क्लिक करायचं. इकडे जे दिसतं तेच तिकडे मोठं होऊन दिसतं. यात काय डोंगर उचलायचा आहे? पण हे कधी रिमोट उलटा धरतात, कधी नाव यायच्या आत लॅपटॉपच मिटून टाकतात. वर म्हणतात, "तू आहेस ना, तूच लाव." लॅपटॉपवर किंवा फोनवर त्यांना तुझा चेहरा म्हणजे नुसता डाग दिसतो रे. टीव्हीवर आलास तरच तू त्यांना दिसतोस, तुझी दाढी वाढली की त्यांच्या लक्षात येतं. उद्या माझ्या हातून हे झालं नाही, तर तू त्यांना दिसायचाच बंद होशील. याच एका गोष्टीचा मला घोर लागला आहे.

आणि हा माणूस कोण, तर जन्मभर थिएटरात मशीन चालवलेला! मी खाली तिकीटखिडकीवर आणि हे वर मशीनच्या खोलीत. एक रीळ संपत आलं की पडद्याच्या कोपऱ्यात ठिपका चमकायचा आणि त्या क्षणी दुसरं मशीन सुरू करायचं. खाली बसलेल्या एवढ्या लोकांना कधी पत्ता लागला नाही, की मधे काही बदललं. तिकिटं संपवून मी वर डबा घेऊन जायचे, तर हे घास तोंडात घालतानाही पडद्यावरची नजर काढायचे नाहीत. लग्नाच्या आधी मला वाटायचं, हा माझ्याकडे बघत का नाही? नंतर कळलं, तो ठिपक्याची वाट बघतोय.

माझी तब्येत तू रोज ताईला विचारतोस आणि ताई तुला सांगते की फरक पडतोय. पोरगी गुणाची आहे, पण खोटं बोलताना तिचा आवाज चढतो. मला जिना उतरवत नाही. परवा ह्यांनी माझी वेणी घालायला घेतली आणि हातात आलेले केस मुकाट्याने खिशात टाकले.

गेल्या खेपेला तू इथे आला होतास, तेव्हा एका दुपारी आम्हाला टीव्हीवर तुझ्या मुलींचे फोटो दाखवत होतास, आठवतं? मधेच तू म्हणालास, ऑफिसचं काम आलंय, आणि लॅपटॉप उचलून आतल्या खोलीत जाऊन दार लावलंस. टीव्हीपासून तो सोडवायचा मात्र विसरलास. हे खुर्चीत डोळे मिटून, मान टाकून पडले होते. मी पुढ्यातला मटार सोलत होते. फोटो गेला आणि पडद्यावर अक्षरं उमटायला लागली, एकेक करून, हाताएवढी मोठी. तू ताईला लिहीत होतास. डॉक्टर म्हणतात, आता औषधाचा उपयोग नाही, वर्ष निघालं तरी खूप. मग थांबलास. मग लिहिलंस, मला परत जायचं नाही, मी इथेच आईजवळ राहतो. ते वाक्य बराच वेळ तसंच होतं. मग ते शेवटाकडून एकेक अक्षर पुसलं गेलं आणि त्या जागी आलं, रविवारी निघतोय, आईला कळू देऊ नकोस, बाबांना तर मुळीच नको. ताईला फक्त हे पोचलं. पुसलेलं मात्र मी वाचलं. मी उठून टीव्ही बंद केला. तू बाहेर आलास तेव्हा मटार सोलून झाला होता आणि तू म्हणालास, वा, आज पुलाव वाटतं!

काल ह्यांनी पुन्हा रिमोट उलटा धरला आणि माझा तोल गेला. म्हटलं, अंधारात रिळं बदलणाऱ्या माणसाला दोन क्लिक जमत नाहीत? ह्यांनी रिमोट खाली ठेवला. म्हणाले, "पडद्यावर उजेड असताना मी जन्मात कधी झोपलोय का?" बाळ्या, त्यांनीही सगळं वाचलं होतं, पुसलेलं सुद्धा. म्हणाले, "मी हे शिकलो की तू जायला मोकळी. मी नाही शिकणार." आणि मला बजावलं, की पोराला यातलं काही कळू द्यायचं नाही, त्याचा जीव तिथे टांगून ठेवायचा नाही. त्यांचं न ऐकता हे पत्र लिहिते आहे. तुझी नोकरी, मुलींच्या शाळा, मला सगळं समजतं. तू माझ्यासाठी येशील असं मी धरून चाललेली नाही. पण एवढं मनात ठेव, मी गेले की हा टीव्ही कुणी लावणार नाही. तेव्हा रविवारी तिथून रिंग देत बसू नकोस. ह्यांना दिसायचं असेल, तर तुला बाहेरच्या खोलीत, त्या खुर्चीसमोर येऊन बसावं लागेल. जिन्यात पावलं वाजताहेत, थांबते.

तुझीच,
आई